इंदूताईंच्या वाटा

इंदूताई आगाशे रागावल्या की आवाज चढवत नसत, खाली आणत. एरवी खणखणीत बोलणारी ही बाई एकदम हळू आणि गोड बोलायला लागली की जाणकार मंडळी काहीतरी निमित्त काढून तिथून सटकत. इतक्या नीटनेटकेपणाने डूख धरणारं दुसरं माणूस माझ्या पाहण्यात नाही. "लोक माफ करतात ते आळसाने," त्या म्हणायच्या. "लक्षात ठेवायला कष्ट पडतात." आणि हे त्या थालीपिठाचा तुकडा पुढे करता करता म्हणायच्या, त्यामुळे खाणाऱ्याचा घास जरा अडकायचाच.

मी नागपूरचा. नोकरीने कलकत्त्यात आणून टाकलं तेव्हा मला त्या शहरात कुणी ओळखत नव्हतं. मराठी मंडळातल्या कुणीतरी सांगितलं, दर दुसऱ्या रविवारी आपली पायी भटकंती असते, या. पहिल्या खेपेला भल्या सकाळी हावडा स्टेशनावर पोचलो तर मोठ्या घड्याळाखाली पंधरा-वीस मंडळी आणि मध्ये सत्तरीच्या आसपासची एक किडकिडीत बाई. सुती साडी, पायात कापडी बूट, खांद्याला थर्मास, हातात दांडीची काळी छत्री. त्या छत्रीच्या दांडीवर लाल नेलपॉलिशच्या आडव्या रेघा मारलेल्या होत्या.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"पाणी मोजायला. ही रेघ घोटा, ही पोटरी, ही गुडघा. ह्याच्यावर गेलं की परत फिरायचं. तुझी उंची काय?"

सांगितली.

"मग तू एक रेघ जास्त जाऊ शकतोस. पण जाणार नाहीस."

आमची भटकंती एका खेड्याभोवती असे. झाऊखाली त्याचं नाव. हावड्याहून गाडी, मग बस, मग टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, असं करत समुद्राच्या अलीकडे दोन कोसांवर उतरायचं. तिथून इंदूताईंच्या वाटा सुरू होत. त्यांच्याच म्हणायच्या, कारण वीस-बावीस वर्षं खपून त्यांनी त्या एकेक करून जोडल्या होत्या. पहिली भातशेतांच्या बांधावरून, तळ्यांना वळसे घालत, पानवेलींच्या अंधाऱ्या मांडवांच्या कडेने जाणारी. दुसरी काजूच्या रानातून. तिसरी समुद्राकाठच्या झाऊच्या, म्हणजे आपल्या सुरूच्या बनातून, जिथे पायाखाली इतक्या सुया पडलेल्या असत की आपलीच चाहूल आपल्याला लागत नसे. आणि चौथी, सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत लबाड, खाडी पायी ओलांडून पलीकडच्या वाळूच्या बेटावर जाणारी. तिथले लोक त्या बेटाला चर म्हणतात. चरावर लाल खेकड्यांचं राज्य. माणसाची सावली दिसली की अख्खा लाल किनारा क्षणात पांढरा व्हायचा.

इंदूताई कलकत्त्यातच जन्मल्या, वाढल्या. खिदिरपूरला जहाजांच्या एका एजंटाकडे छत्तीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. कारण विचारलं की "वेळ जुळली नाही" म्हणत, आणि त्यात कुणाकडून तरी काही चुकल्याचा वास येई, पण पुढे विचारायची छाती कुणाला होत नसे. त्या नोकरीतली एक गोष्ट मात्र त्या स्वतःहून सांगत. कचेरीतला बोडोबाबू, म्हणजे मुख्य कारकून, त्यांना कधी नावाने हाक मारत नसे. "ए मिस" म्हणायचा. अकरा वर्षं. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या चांदीच्या तबकावर मजकूर कोरून आणायचं काम ह्यांच्याकडे आलं. समारंभात त्याने कापड बाजूला केलं. तबकावर सुरेख बंगाली अक्षरांत लिहिलेलं होतं, "बोडोबाबूंना, स्नेहपूर्वक."

"त्याने मान वर करून बघितलं माझ्याकडे," इंदूताई सांगत. "मी म्हटलं, माफ करा हं, तुमचं नाव काय ते विचारायचं राहूनच गेलं."

हे सांगताना त्या अशा काही हसत की मला त्या बोडोबाबूची थोडी कीव येई. थोडीच.

झाऊखालीतला पराक्रम तर माझ्या डोळ्यांदेखत झाला. काजूच्या रानालगत कुणा पैसेवाल्याने रिसॉर्ट बांधलं आणि रानातल्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं. सुकी मासळी टोपल्यांत घेऊन बसकडे निघालेल्या बायकांना आता लांबचा वळसा पडायला लागला. इंदूताई मालकाशी भांडल्या नाहीत. फाटकावरची पाटी त्यांनी दोनदा वाचली. "समुद्र पाच मिनिटांवर," असं तिच्यावर लिहिलं होतं. मग त्या घड्याळ लावून फाटकापासून समुद्रापर्यंत चालल्या. डांबरी रस्त्याने अठ्ठावीस मिनिटं लागली. कुंपणाने बंद केलेल्या वाटेने मात्र बारा लागायची.

त्या हिवाळ्यात दर भटकंतीला त्या आम्हाला पुढे पाठवत आणि स्वतः फाटकाशी घडीची खुर्ची टाकून बसत. गाडी आली की उठून काचेवर टकटक करत आणि गोड बंगालीत सांगत, "आठाश मिनिट लागबे, भाई. पाँच नॉय." अठ्ठावीस मिनिटं लागतील, पाच नव्हे. बस, एवढंच. दुसरं काही नाही. मालकाने आधी दम दिला, मग चहा दिला. चहा त्यांनी घेतला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या. फाल्गुनात कुंपण निघालं. ते निघालं त्या दिवशी त्यांनी मालकाला स्वतःबरोबर त्या वाटेने समुद्रापर्यंत चालायला लावलं, भर दुपारी, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक मासळीवालीला थांबवून त्याची ओळख करून दिली. "हेच ते," म्हणून.

आता बापटांबद्दल सांगतो. तेव्हा त्यांचं नुसतं नाव काढलं तरी माझे हात शिवशिवायचे.

हेमंत बापट आमच्या भटकंतीचे चिटणीस. तिसऱ्या पिढीचे कलकत्तेकर, एस्प्लनेडजवळ मोठ्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. मराठी बोलायचे, पण वाचताना अडखळायचे. ह्यात त्यांचा दोष नाही. बाकी सगळ्यात होता. त्यांना मंडळातर्फे झाऊखालीच्या वाटांची पुस्तिका काढायची होती. इंदूताईंनी आढेवेढे न घेता आपली वही दिली. जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने दोनदा शिवलेली, बावीस वर्षांची वही. कुठे कुत्रा अंगावर येतो, कुठल्या तळ्याकाठी साप, कुठल्या घरी पाणी मागितलं तर गूळही मिळतो, सगळं तीत होतं. आणि खाडीच्या पानांवर वेळांशेजारी एक वेगळा रकाना होता तिथींचा.

वही टंकून देण्याचं काम माझ्याकडे आलं. तिथी कशाला, हे मी इंदूताईंनाच विचारलं.

"आई कोकणातली होती माझी. खाडीकाठची. तिथे बायका भरती तिथीवरून काढायच्या. तिथीचे पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती. इथे त्यातून दीड तास वजा करायचा, ते मी बंदरात राहून बसवलं. अष्टमी घे. आठाचे पाऊणपट सहा, दीड वजा, साडेचार. पहाटे साडेचारला भरती म्हणजे साडेदहाला ओहोटी. म्हणून अष्टमीला साडेआठ ते साडेबारा खाडी पायी ओलांडता येते."

"आणि पौर्णिमेला?"

"पंधराचे पाऊणपट कर की. दहाच्या सुमाराला भरती. शिवाय उधाण. तेव्हा मी काठावर बसून चहा पिते."

मी तिथीच्या रकान्यासकट सगळं टंकून दिलं. बापटांनी मला बोलावून घेतलं. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "मोघे, हे पंचांग कशाला? आपण काय सत्यनारायण घालतोय? काढून टाका."

"ते भरतीसाठी आहे," मी म्हटलं. "राहू द्या."

"वेळांतली ही एक ठेवा. साडेआठ ते साडेबारा. पुरे. लोकांना साधं हवं असतं."

मी इंदूताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." आणि हे बरं फार हळू होतं.

प्रकाशन मंडळाच्या हॉलमध्ये झालं. मुखपृष्ठावर सूर्योदय आणि खाली "संशोधन आणि लेखन : हेमंत बापट." इंदूताईंचं नाव शेवटच्या पानावर, आभारांत, नाश्ता पुरवणाऱ्याच्या खाली. बापट भाषणात म्हणाले, "ह्या वाटा मी पायाखाली घातल्या." मी कधी त्यांना काजूच्या रानापलीकडे गेलेलं पाहिलं नव्हतं. माझं डोकं सणकलं. मी उठणार, तर इंदूताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या टाळ्या वाजवायला लागल्या. मग रांगेत उभ्या राहून त्यांनी बापटांकडून पुस्तिकेवर सही घेतली.

"तारीखही घाला ना," म्हणाल्या, अगदी मधासारख्या आवाजात.

बापट खूश होऊन तारीख घालत होते आणि मी तिथून सटकायचं निमित्त शोधत होतो.

पुस्तिकेच्या निमित्ताने पहिली मोठी पदयात्रा ठरली ती दोलच्या सुट्टीला. कलकत्त्यात दोल म्हणजे रंगांचा दिवस, आणि तो पौर्णिमेला असतो हे शेंबडं पोरही सांगेल. प्रमुख पाहुणे एका चहाच्या कंपनीचे निवृत्त संचालक सेनबाबू. त्यांना चरावरून सूर्योदय बघायचा होता. म्हणून बापटांनी ठरवलं, सहाला खाडी ओलांडायची, साडेनऊला परतायचं. साडेनऊ म्हणजे छापलेल्या वेळेच्या आतच. सगळ्यांनी आदल्या दिवशी झाऊखालीला मुक्कामाला जायचं.

मुक्कामाच्या संध्याकाळी मी इंदूताईंना म्हटलं, "सांगू या का?"

"तू सांगितलंस ना एकदा? मी वहीत लिहून सांगितलं होतं. त्यांनी खोडलं. आता तिसऱ्यांदा सांगायचं म्हणजे काय, पाया पडायचं?"

"माणसं बुडतील, ताई."

"कुणी बुडत नाही. चर उंच आहे, झाऊपर्यंत पाणी कधी चढत नाही. काल निमाईने दोन हंडे पाणी तिकडे नेऊन ठेवलंय, वर मुरमुऱ्याची पोती. उद्या तो होडी घेऊन काठावर बसणार आहे." निमाई हा त्यांचा तिथला जुना नावाडी. "सूड उगवायचा तर माणसं धडधाकट राहायला हवीत. नाहीतर तो बघणार कोण?"

आणि मी गप्प बसलो. जेवणाच्या पातेल्यांवर लक्ष ठेवतो म्हणून मी ह्या काठावर राहिलो. हे मी आजही लपवत नाही. मला त्या माणसाचा तेव्हा इतका संताप आला होता की तो पाण्यात उभा राहून ओरडतोय असं चित्र मी मनात आधीच रंगवलेलं होतं.

सहाला तीसेक मंडळी पोटरीएवढ्या पाण्यातून हसतखिदळत पलीकडे गेली. बापट मधोमध थांबून म्हणाले, "बघा, वेळेच्या आधीसुद्धा एवढंच पाणी!" इंदूताई ह्या काठावर झाऊच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी थर्मास उघडला.

सातला त्यांनी उठून काठाशी छत्री बुडवली. तिसरी रेघ. आठला दांडी मुठीपर्यंत गेली. नऊला खाडी दुप्पट रुंद झाली होती आणि पाणी आतल्या बाजूला असं ओढ घेत होतं की एक अख्खं केळीचं झाड आमच्यासमोरून शेतांकडे निघून गेलं. साडेनऊला मंडळी पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. कपाळांना गुलाल, हातात बूट. आधी हसणं ऐकू आलं, मग ते बंद झालं.

"मोघे!" बापटांची हाक आली. "हे काय आहे?"

मी इंदूताईंकडे बघितलं. त्या निवांत चहा पीत होत्या.

"ताई! पाणी कधी उतरणार?"

"पुस्तिकेत बघा ना," इंदूताई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "छापलंय की तुम्ही."

पलीकडे पुस्तिका उघडल्या गेल्याचं मला इथून दिसलं. सेनबाबूंनी चष्मा लावून वाचलं, घड्याळ बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि मग बापटांकडे बघितलं. ऊन तापत चाललं होतं. मंडळातल्या वयस्क जोशीकाकू खाली वाळूत बसल्या होत्या आणि कुणीतरी त्यांना पुस्तिकेनेच वारा घालत होतं. मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मी म्हटलं, "ताई, पुरे आता." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्या कशाची तरी वाट बघत होत्या. निमाईही वल्ही मांडीवर घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसला होता.

दहा वाजले. पलीकडे आवाज वाढले. कुणीतरी बापटांना स्पष्टच विचारलं असावं, कारण ते एकदम पाण्याच्या कडेला आले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो ताई, हे सगळं तुमच्याच वहीतलं आहे! सगळं! मी एक ओळ माझ्या मनाची घातलेली नाही! वेळ तुम्ही चुकीची लिहिलीत!" आणि मग सेनबाबूंकडे वळून, "शॉब ओनार खाता थेके नेवा, सर! आमार किछुइ ना!" सगळं त्यांच्या वहीतून घेतलंय, माझं काहीच नाही.

तीस माणसांनी ते ऐकलं. इंदूताईंनी कप खाली ठेवला.

"निमाई," त्या म्हणाल्या, "एबार जाओ."

होडी सुटली. पहिल्या खेपेला जोशीकाकू आणि म्हातारी माणसं आली, दुसऱ्या खेपेला सेनबाबू. ते उतरून थेट इंदूताईंसमोर आले आणि त्यांनी हात जोडले. बापटांची खेप शेवटची. इंदूताईंनी तसं निमाईला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "ते असं म्हणतील हे तुम्हाला माहीत होतं?"

"चूक माझी म्हणायची तर वही माझी म्हणावंच लागणार होतं ना," त्या म्हणाल्या. "दुसरी वाटच नव्हती त्याला."

एवढ्यावर गोष्ट मिटली असती तर त्या इंदूताई कसल्या? दोन महिन्यांनी बापट त्यांच्या खिदिरपूरच्या घरी आले. मीही तिथे होतो. त्यांनी नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ आणलं होतं. त्यावर इंदूताईंचं नाव एकटं होतं, मोठ्या अक्षरांत. आत तिथींचा रकाना होता. बापटांचा चेहरा उतरलेला होता आणि खरं सांगायचं तर ते मनापासून बोलत होते. "चुकलं माझं, ताई," म्हणाले. डोळ्यांत पाणीही आलं. मला वाटलं, आता ह्या विरघळणार. मलाही ते तसं हवं होतं, कारण माझा राग त्या दोलच्या दिवशीच खाडीत वाहून गेला होता.

इंदूताईंनी मुखपृष्ठ नीट बघितलं. मग फार हळू म्हणाल्या, "छान झालंय. पण मला नको. वही परत द्या. पहिल्या पुस्तिकेत माझं नाव नव्हतं हे तुम्हाला जन्मभर आठवायला हवं. हे छापलं की तुम्ही विसराल."

बापटांनी वही परत आणून दिली. नवी आवृत्ती निघाली नाही. मला ते तेव्हा निर्दय वाटलं, आजही वाटतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मला लाडू दिला आणि विषय संपवला.

भाद्रपदात माझी पुण्याला बदली झाली. जायच्या आधी एकदा झाऊखालीला जाऊ या म्हणून आम्ही दोघंच गेलो. भाताची शेतं पाण्याने काठोकाठ भरलेली होती आणि बांध असा की एका वेळी एकच माणूस चालेल. इंदूताई पुढे, मी मागे. मध्यावर आलो तर समोरून बापट येताना दिसले, मागे मंडळाची वीसेक नवी माणसं, सगळ्यांच्या पायांत पांढरेशुभ्र बूट. त्या भागातला रिवाज असा की बांधावर दोघं समोरासमोर आले तर मोकळ्या हाताच्या माणसाने चिखलात उतरायचं आणि ओझंवाल्याला वाट द्यायची. बापटांच्या पाठीवर मोठी पिशवी होती. इंदूताईंचे हात मोकळे होते.

त्या थांबल्या. बाजूला झाल्या नाहीत.

बापटांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग पिशवी सावरून ते डाव्या हाताला शेतात उतरले. पार गुडघ्यापर्यंत रुतले. मागे वळून म्हणाले, "उतरा सगळे. ताईंची वाट आहे." एकेक करून वीसच्या वीस माणसं त्या चिखलात उतरून रांगेने उभी राहिली.

इंदूताई त्यांच्यासमोरून सावकाश चालत गेल्या. बापटांपाशी आल्यावर पाऊल जरासं अडखळलं असं मला वाटलं. त्यांनी खाली वाकून बघितलं.

"रोपांवर पाय देऊ नका," त्या म्हणाल्या, आणि पुढे निघाल्या.